पुडीतला आंबूस वास

माझ्या मामांनी आयुष्यात कशावरच सहजासहजी विश्वास ठेवला नाही. ओझरच्या विमानाच्या कारखान्यात ते इन्स्पेक्शनला होते. दुसऱ्यांनी घडवलेले सुटे भाग मोजायचे आणि केसाइतका फरक दिसला तरी बाजूला काढून ठेवायचे, हे त्यांचं काम. घरीही तेच. दुकानातून आणलेली साखर पुन्हा तोलून बघत. धर्मांतराबरोबर आमच्या घराने अंगारे, ताईत, नवस सगळं सोडलं होतं, पण मामांचं तेवढ्यावर भागत नसे. वस्तीत कुणाच्या अंगात आलं असं ऐकलं की ते स्वतःची खुर्ची घेऊन जात आणि समोर बसून निरखत राहत. त्यांच्या त्या बघण्याने अंगात आलेलं लवकर निघून जातं, असं माझी आई म्हणायची.

म्हणून निवृत्तीनंतर हाच माणूस सांधेदुखीवर झाडपाल्याच्या पुड्या वाटायला लागला, तेव्हा मला ते खरंच वाटेना.

ही ऐंशीनंतरची, दोन-चार वर्षांतली गोष्ट. नाशिकचं इंदिरानगर तेव्हा नुकतं वसत होतं, घरांपेक्षा मोकळे प्लॉट जास्त. मामांनी तिथे दोन खोल्या बांधल्या होत्या. निवृत्तीनंतरचे पहिले काही महिने वाईट गेले. सकाळी कारखान्याच्या बसच्या वेळेला ते उठत, दाढी करत, पायात बूट चढवत आणि ओट्यावर बसून राहत. बस मुख्य रस्त्यावरून दुसऱ्यांना घेऊन निघून जाई. मग ते तसेच बुटांसकट बसून असत. जेवायला चारदा बोलवावं लागे. मामी एका खाजगी प्रसूतिगृहात आया होती. ती कामावर जाताना शेजारणीला सांगून जायची, "ह्यांच्याकडं जरा लक्ष असू द्या."

कारखान्यातला त्यांचा एक जुना सहकारी सुरगाण्याकडचा होता. एकदा भेटायला आला तेव्हा त्याने निर्गुडीची गोष्ट काढली. त्यांच्याकडे गुडघे धरले की पाला शेकायला वापरतात, वाळवून पूडही घेतात. मामांच्या डोक्यात ते बसलं. नासर्डी नदीच्या काठाला निर्गुडी माजलेलीच असायची. मामा पिशवी घेऊन जाऊ लागले. पाला सावलीत वाळवायचा, खलबत्त्यात कुटायचा, पातळ फडक्यातून गाळायचा. पहिली पुडी त्यांनी स्वतःच्या कमरेवर करून बघितली, मग शेजाऱ्यांना दिली. पैसे घेत नसत. वर्षभरात रविवारी सकाळी त्यांच्या ओट्यापुढे चपलांची रांग लागायला लागली.

मी तेव्हा नाशिकमधल्याच एका फार्मसी कॉलेजात शिकवत होते आणि पुढच्या पदवीसाठी प्रयोगही करत होते. माझ्या आईचे गुडघे बरीच वर्षं धरलेले. ती भावाची पुडी घेऊ लागली आणि आठवडाभरात जमिनीवर मांडी घालून भाजी निवडायला बसली. तिला तसं बसलेलं बघून मला आनंद व्हायला हवा होता. माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की पाला इतक्या लवकर काम करत नाही. मी तसं बोलूनही दाखवलं.

"तुझं शिक्षण तुला खाऊ देत नाही नि मला जेवू देत नाही," आई म्हणाली. "दादाच्या हाताला गुण आहे."

"आई, मामाच म्हणतात ना, हाताला गुण-बिण काही नसतं म्हणून?"

ती हसली आणि पुढची जुडी निवडायला घेतली.

एका रविवारी मी मामांच्या ओट्यावर बसले होते. सुरगाण्याच्या बाजूने जीप भरून माणसं आली होती. त्यातल्या एका म्हाताऱ्याला मी सहज विचारलं, "बाबा, तुमच्याकडे तर निर्गुडी बांधाबांधावर असते. मग इतक्या लांब कशाला आलात?"

"हाय ना," तो म्हणाला. "लय हाय. पर तिच्यानं एवढं नाय होत."

त्याने ते मामांचं कौतुक म्हणून सांगितलं. माझ्या डोक्यात मात्र ते वाक्य रुतून बसलं. झाड तेच आणि पाला तोच. मग नासर्डीच्या निर्गुडीत असं काय होतं जे डोंगरातल्या निर्गुडीत नव्हतं?

मामांनीच मग विषय काढला. माणसं गेल्यावर माझ्यासमोर बांधलेल्या पुड्यांचा पत्र्याचा डबा ठेवून ते म्हणाले, "लोक म्हणतात गुण येतो. लोक काहीही म्हणतात. तू हे तुझ्या कॉलेजात तपास. पास झालं तर पास, नाहीतर रिजेक्ट. मला काही वाटणार नाही."

मी डबा उघडला. निर्गुडीचा उग्र वास नाकात गेला आणि त्याच्या खाली काहीतरी आंबूस होतं. अगदी पुसट. मी बोटं हुंगली. त्या आठवड्यात आम्ही प्रयोगशाळेत ॲसेटिक ॲसिड वापरत होतो, त्याचाच वास हाताला राहिला असेल असं मला वाटलं.

ते ॲसिड ज्या चाचणीसाठी होतं, तीच चाचणी मी मामांच्या पुडीसाठी निवडली. ते ॲसिड खूप पातळ करून उंदराच्या पोटात टोचलं की तो अंग ताणून पिळवटतो. आधी वेदनाशामक दिलेलं असेल तर पिळवटणं कमी होतं. किती कमी होतं ते बसून मोजायचं. ही चाचणी मला कधीच आवडली नाही. काचेच्या भांड्यासमोर बसून दुसऱ्या जिवाच्या पोटातली कळ मोजायची आणि चेहरा कोरा ठेवायचा. पण दुखणं कमी झालं की नाही हे उंदीर कुणाला बरं वाटावं म्हणून सांगत नाही, आणि मला तेच हवं होतं.

आमच्या विभागाचे सर कोरडे गृहस्थ होते. मामांची पुडी आहे म्हटल्यावर त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "नातेवाईक? मग बाटल्यांना लेबलं मी लावणार. कशात काय आहे ते तुला कळता कामा नये. तुला पुडी चालायला हवी असेल तर तुझे डोळे कमी मोजतील, नको असेल तर जास्त."

मला राग आला, पण त्यांचं बरोबर होतं. आपल्याला काय हवं आहे हे माझं मलाच ठाऊक नव्हतं.

चार बाटल्या केल्या. एकीत नुसतं डिंकाचं पाणी, एकीत दुकानात मिळणारी नेहमीची वेदनाशामक गोळी, एकीत मामांची पूड आणि एकीत मी स्वतः काठावरून पाला आणून वाळवून केलेली पूड. सरांनी त्यांच्यावर क, ख, ग, घ लिहिलं आणि यादी स्वतःच्या कपाटात ठेवली.

प्रयोग संपल्यावर आम्ही आकडे मांडले. क आणि ग जवळजवळ जुळी भावंडं होती, दोन्हींनी कळ चांगलीच दाबली होती. घ ने थोडी दाबली होती. ख मध्ये काहीच दम नव्हता, तेव्हा ते डिंकाचं पाणी हे यादी न बघताही कळत होतं. सरांनी यादी काढली. क म्हणजे दुकानातली गोळी. ग म्हणजे मामांची पुडी. आणि थोडाफार परिणाम करणारी घ ही माझी निर्गुडी.

"एकाच नदीकाठची दोन झाडं एकमेकांपासून इतकी वेगळी वागत नाहीत," सर म्हणाले. म्हणजे मामांच्या पुडीत पाल्याशिवाय आणखी काहीतरी होतं.

त्या रात्रीपासून माझं मामांकडे बघणं बदललं. त्यांच्याकडे जायचे, चहा प्यायचे आणि सगळा वेळ त्यांच्या हातांवर नजर ठेवायचे. ज्या माणसाने मला पहिली कंपासपेटी आणून दिली होती, गणित चुकलं तरी चालेल पण उत्तर ढापू नकोस असं सांगितलं होतं, त्याच्या शर्टाच्या खिशात गोळ्यांची पाकिटं आहेत का हे मी डोळ्यांनी चाचपत होते. मला स्वतःची लाज वाटत होती, तरी नजर हटत नव्हती.

एक दिवस मी म्हटलं, "मामा, पूड कशी करता ते मला सुरुवातीपासून बघायचंय."

ते खूश झाले. "हेच बघ. प्रोसेस बघितल्याशिवाय जॉब पास करायचाच नाही."

मी त्यांच्याबरोबर काठावर गेले. त्यांनी पाला खुडला, मी पिशवी धरली. आधीच्या आठवड्यात वाळत घातलेला पाला त्यांनी माझ्यासमोर कुटला आणि माझ्यासमोर गाळला. त्यांच्या हातात पाल्याशिवाय काही आलं नाही. गाळलेल्या पुडीतली मूठभर मी कागदात बांधून घेतली. उरलेली त्यांनी परातीत ओतून आत नेऊन ठेवली. "पुड्या तुझी मामी बांधते," ते म्हणाले. "माझ्या बोटांनी ते कागद नीट दुमडत नाहीत."

दोन दिवसांनी रविवार होता. मी जाऊन त्याच भुकटीच्या, मामीने बांधलेल्या दोन पुड्या उचलून आणल्या.

या वेळी मी उंदरांना हात लावला नाही. पूड इथरमध्ये ढवळली, गाळून इथर उडवलं, राहिलेलं सोड्याच्या पाण्यात उकळलं, गार करून आम्ल घातलं आणि फेरिक क्लोराईडचे थेंब सोडले. मुठीतल्या भुकटीने मळकट हिरवट रंग दाखवला, नुसता पाला दाखवेल तसा. मामीने बांधलेल्या पुड्यांतल्या भुकटीने गडद जांभळा दाखवला. तो रंग फार्मसीच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही ओळखतो. ॲस्पिरिन. आणि मग मला डब्यातला तो आंबूस वास आठवला. ॲस्पिरिनला दमट हवा लागली की ते फुटतं आणि त्याला सिरक्यासारखा, म्हणजे ॲसेटिक ॲसिडचाच, वास सुटतो. तो माझ्या बोटांचा वास नव्हता.

घरी आले तर आई भिंतीला टेकून बसली होती. चेहरा पांढरा पडला होता. पोटात जळजळ बरेच दिवस होती, ती तिने सांगितली नव्हती. चार दिवस शौचाला काळं होत होतं, तेही सांगितलं नव्हतं. सकाळपासून उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येत होती. मी तिला रिक्षात घातलं. डॉक्टरांनी काय काय घेता असं विचारलं तेव्हा ती म्हणाली, "काही नाही. भावाचा पाला."

पोटात रक्तस्राव होत होता. तिला दवाखान्यात ठेवलं, रक्त चढवलं. पलंगाशेजारी बसून मी तिला हळूच सांगितलं की पुडीत गोळी होती. तिने मान फिरवली. "दादा मला विष देईल?" ती म्हणाली. "तुला हे बोलवतं तरी कसं?"

आईचा धोका टळल्यावर एका दुपारी, मामा पाला आणायला गेलेले असताना, मी मामीकडे गेले. ती परातीपुढे कागदाचे चौकोन कापत बसली होती. मी दार लोटून घेतलं आणि सरळ विचारलं, "मामी, यात गोळ्या तू टाकतेस?"

ती नाही म्हणाली नाही. कात्री खाली ठेवली. "कशावरून?"

"पुडीत ॲस्पिरिन सापडलंय. मामांनी कुटली तेव्हा नव्हतं."

तिने परात बाजूला सरकवली. मग बोलू लागली. "सुरुवातीला एका बाईला पुडी दिली. तिला नाय आला गुण. चार बायांसमोर ह्यांना वाटेल ते बोलून गेली. भोंदू म्हणाली. ह्यांना, भोंदू! त्या दिवसापासून परत बूट घालून ओट्यावर. जेवण नाय, बोलणं नाय. मी दवाखान्यात काम करते, दुखलं की बायांना काय देतात ते बघते. ही गोळी तर वाण्याकडंबी मिळते. म्हटलं, एखादी बारीक करून टाकली तर काय होतंय? पुढच्याच आठवड्यात माणसं सांगत आली, गुण आला, गुण आला. तू तेव्हा ह्यांचं तोंड बघायला पाहिजे होतं."

"मामी, आईच्या पोटात रक्त झालं ते त्याच गोळीनं."

तिला आधी ते कळलंच नाही. तिला वाटलं होतं, नणंदेला जुनी आम्लपित्ताची खोड आहे, ती वाढली. मी पुन्हा सांगितलं. तिने तोंडावर पदर धरला आणि पदराआडून जे म्हणाली ते मी अजून विसरले नाही.

"तुझ्या आईच्या पुडीत तर मी जास्त टाकायची गं. तिचं लंगडणं बघवत नव्हतं."

मी रागावून गेले होते आणि तो राग कुठे ठेवावा हे मला कळेना. पदराने तोंड पुसून ती म्हणाली, "ह्यांना सांगू नको. सांगायचंच असलं तर झाडात दम नाय म्हणून सांग. मी टाकायचं बंद करते, लोक आपोआप यायचे थांबतील."

पण आईच्या पोटात जे झालं ते त्या जीपमधून आलेल्या किती जणांच्या पोटात चालू असेल, हे मला माहीत नव्हतं. ते मी मामीला सांगितलं. मामा पिशवी घेऊन दारात आले तेव्हा आम्ही दोघी तशाच बसलो होतो.

मी त्यांना सगळं क्रमाने सांगितलं. बाटल्या, आकडे, मुठीतली पूड, पुडीतली पूड, जांभळा रंग, आई. टाकणाऱ्याचं नाव मात्र घेतलं नाही. त्यांनी मधे एकदाही थांबवलं नाही. शेवटी फक्त विचारलं, "किती पुड्या बाहेर गेल्यात याचा अंदाज आहे का?" कुणी टाकली, हे विचारलं नाही. मामीकडे वळूनही पाहिलं नाही. पिशवी खुंटीला अडकवली आणि आत जाऊन पडले.

पुढच्या रविवारी मी मुद्दाम लवकर गेले. मामा ओट्यावर उभे होते, दाढी केलेले, पायात बूट. माणसं जमली तशी ते म्हणाले, "आजपर्यंतच्या पुड्यांत दुकानातली गोळी कुटून घातलेली होती. ती माझ्या हातून गेली. ज्यांच्या पोटात जळजळतं, ज्यांना शौचाला काळं होतं, त्यांनी आजच्या आज डॉक्टर गाठा. घरात उरलेल्या पुड्या फेकून द्या. गावात ज्यांनी ज्यांनी नेल्या त्यांनाही सांगा."

पुढे बसलेला एक मास्तर उठला आणि म्हणाला, "म्हणजे फसवलंत तुम्ही आम्हाला."

"हो," मामा म्हणाले.

तेवढ्यात मामी आतून आली. दाराच्या चौकटीला धरून ती म्हणाली, "त्यांनी नाय. गोळ्या मी टाकत होते. त्यांना ठाऊक नव्हतं."

काही जण शिव्या घालत निघून गेले. बरेचसे नुसतेच उभे राहिले. सुरगाण्याचा तो म्हातारा पुन्हा आला होता. आपल्या बरोबरच्यांशी काहीतरी कुजबुजून तो पुढे आला आणि मामांना म्हणाला, "बरं मंग. तशीच दे ना, गोळी घालूनच. आमचं काय म्हननं नाय."

मामांनी त्याला शेजारी बसवलं, त्याच्या पोटाची चौकशी केली आणि दवाखान्याचा रस्ता समजावून दिला. पुडी दिली नाही.

त्यानंतर रविवार रिकामे झाले. मी सरांकडे निर्गुडीचं काम पुढे चालू ठेवलं, मी स्वतः खुडलेल्या पाल्यावर. तिच्यात गुण होता, पण बेताचा. फार चढवून सांगावा असा नव्हता आणि नाकारावा असाही नव्हता. मामांना मी तो सांगितला तेव्हा त्यांनी मान डोलावली. "म्हणजे पास," ते म्हणाले, "पण या कामासाठी नाही." पुढे काही महिन्यांनी ते एका मित्राच्या छोट्या वर्कशॉपमध्ये जाऊ लागले, सुटे भाग तपासून द्यायला.

मामांना खरंच ठाऊक नव्हतं का, हा संशय मात्र माझ्या मनातून कधी पूर्ण गेला नाही. खूप नंतर मामीने बोलता बोलता सांगितलं, की अगदी सुरुवातीला एकदा त्यांनी डबा हुंगून विचारलं होतं, याला आंबूस वास का येतो? ती म्हणाली होती, पावसाळी हवा आहे. आणि त्यांनी डबा बंद केला होता. साखर घरी आणून पुन्हा तोलणारा माणूस एका उत्तरावर गप्प बसला. त्याला ते खरं वाटलं, की खरं वाटून घ्यावंसं वाटलं? मामांना मी ते कधी विचारलं नाही. मामी म्हणते, विचारलं नाहीस ते बरं केलंस.

आई दवाखान्यातून घरी आल्यावर मामीशी बोलेना. भावाशी बोलायची, वहिनी आली की भिंतीकडे तोंड करायची. मामी तरीही संध्याकाळी कामावरून सुटली की यायची. निर्गुडीचा पाला तव्यावर गरम करायची, फडक्यात बांधायची आणि गुडघ्याला शेक द्यायला बसायची. आईने पहिल्यांदा पाय मागे घेतला. दुसऱ्या दिवशीही घेतला. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाय तिथेच ठेवला, पण हात पुढे केला आणि म्हणाली, "आधी पुरचुंडी उघडून दाखव."

मामीने गाठ सोडली. आत वाफाळलेली हिरवी पानं होती. आईने एकेक पान उलटून पाहिलं, वास घेतला, मग लुगडं गुडघ्याच्या वर सरकवलं.

"जरा गरम आहे हं," मामी म्हणाली.

"असू दे," आई म्हणाली. "दाब."